पीएल कोर्स पहिल्यांदा घेतेय: लेट सबमिशन, कॉपी, एआय यांचे नियम कसे ठेवू? (नागपूर)

हिंगणारोड_मॅडम

नमस्कार मंडळी. मी नागपुरातल्या एका ऑटोनॉमस इंजिनिअरिंग कॉलेजात कॉम्प्युटरला शिकवते. या सेशनला पाचव्या सेमचा प्रोग्रॅमिंग लँग्वेजेसचा (पीएल) पेपर माझ्याकडे आलाय. म्हणजे एखादी भाषा शिकवायचा पेपर नाही, भाषा आतून कशा चालतात त्याचा. स्कोप (कुठलं नाव कुठे ओळखलं जातं), क्लोजर (फंक्शननं बनतानाची आसपासची व्हेरिएबल सोबत ठेवणं), टाइप इन्फरन्स (आकडा की मजकूर हा प्रकार न सांगता भाषेनं ओळखणं), पॅटर्न मॅचिंग (डेटाच्या आकारावरून काय करायचं ते ठरवणं) आणि शेवटी एका छोट्या भाषेचा इंटरप्रिटर (त्या भाषेतला प्रोग्रॅम वाचून चालवणारा प्रोग्रॅम) पोरांनी स्वतः लिहायचा. भाषा म्हणाल तर ओकॅमल मुख्य, मग थोडं रॅकेट, शेवटी प्रोलॉग. सिलॅबस बीओएसमधून (अभ्यास मंडळातून) पास झालाय त्यामुळे त्याची काळजी नाही, काळजी आहे ती बाकी सगळ्याची.

वर्ग ६४ चा, चार बॅच, प्रत्येक बॅचला आठवड्यातून एकदा दोन तासांचं प्रॅक्टिकल. इंटर्नल ४०, एंड सेम ६०. आतापर्यंत आमच्याकडे पद्धत अशी की प्रॅक्टिकलची यादी द्यायची, पोरं जर्नल लिहिणार, शेवटच्या आठवड्यात सगळ्यांच्या सह्या. एकाच जर्नलवरून अख्खी बॅच उतरवते हे सगळ्यांना माहीत आहे. सी किंवा जावाला ते कसंतरी खपून जातं, पण या विषयात तसं झालं तर हातात काहीच उरणार नाही, कारण प्रोग्रॅम सगळे पाच-दहा ओळींचे, उतरवायला दोन मिनिटं लागतात आणि सुचायला दोन तास, आणि अख्खा विषय त्या दोन तासांतच आहे. मला तो त्यांच्याकडून काढून घ्यायचा नाहीये.

तर विचारायचं हे की लेट सबमिशनचं काय करता? मार्क कापता, घेतच नाही, की कारण बघून ठरवता? एकमेकांशी बोलू द्यायचं तर कुठपर्यंत? चॅटजीपीटीचं काय? आणि लॅबमध्ये ओकॅमल टाकायचं म्हटलं की आमच्याकडे सगळे हात वर करतात, त्यावर कोणाचा अनुभव आहे का? नियम पहिल्या लेक्चरला छापील कागदावर द्यायचे आहेत आणि मग सेम संपेपर्यंत बदलायचे नाहीत, म्हणून आत्ताच विचारतेय.

---

धंतोलीकर_सर

मॅडम, फार चांगला प्रश्न विचारलात, आणि आधी विचारलात हे त्याहून चांगलं. मी हा विषय बरीच वर्षं शिकवलाय, आधी युनिव्हर्सिटी पॅटर्नला आणि मग ऑटोनॉमस झाल्यावर, तर सविस्तर लिहितो.

लेटचं म्हणाल तर कारण बघून ठरवायच्या भानगडीत पडूच नका. एकदा कारण ऐकायला सुरुवात केली की जो नीट बोलू शकतो त्याला मुदत मिळते आणि जो बुजरा आहे, गावाकडून आलाय, मॅडमसमोर तोंड उघडत नाही, त्याचे मार्क जातात. अमेरिकेतल्या बऱ्याच युनिव्हर्सिटीत लेट डे देतात, ती पद्धत मला सगळ्यात न्यायाची वाटते. प्रत्येक मुलाला सेमभरासाठी समजा पाच दिवस द्यायचे, त्यानं ते कुठेही वापरावे, कारण सांगायचं नाही, विचारायचं नाही, फक्त सबमिट करताना फाइलच्या वर लिहायचं की एक लेट डे वापरला. पाच संपले की त्यानंतर उशिरा आलेलं घ्यायचं नाही. मोठं आजारपण, घरात काही दुःखद झालं, तर ते वेगळं, ते मेंटर आणि एचओडीमार्फत येऊ द्या, त्यात लेट डे मोजू नका.

पण तुमच्या कोर्सला यात एक मेख आहे. तुमचा इंटरप्रिटर टप्प्याटप्प्यानं वाढणार ना? आधी बेरीज-वजाबाकीच्या एक्स्प्रेशन, मग व्हेरिएबल आणि 'let' (नावाला किंमत देणारा शब्द, उशिराचा लेट नाही), मग फंक्शन आणि क्लोजर. दुसऱ्या टप्प्याला पहिला टप्पा चालता लागतो. ज्याचा पहिला चालत नाही त्याला तुम्हाला तुमचं सोल्यूशन द्यावंच लागेल, नाहीतर तो पुढच्या सगळ्या टप्प्यांत बुडाला. आणि सोल्यूशन बाहेर पडलं की त्यानंतर लेट घेता येत नाही. म्हणून एका असाइनमेंटवर जास्तीत जास्त दोनच लेट डे, तिसऱ्या दिवशी सकाळी सोल्यूशन सगळ्यांना. हे दोन आकडे एकमेकांना बांधलेले ठेवा, पुढे त्रास होत नाही.

अजून एक, जे सी शिकवणाऱ्यांच्या लक्षात येत नाही. पायथनमध्ये एखादं फंक्शन चुकलं तरी बाकीची फाइल चालते. ओकॅमलमध्ये एका ठिकाणी टाइप जुळला नाही की अख्खी फाइलच कंपाइल होत नाही. पोरगं सहापैकी पाच फंक्शन बरोबर करतं, सहावं अर्धवट टाकून सबमिट करतं, तुमच्या टेस्ट स्क्रिप्टला शून्य दिसतो आणि ते पोरगं दुसऱ्या दिवशी रडकुंडीला येतं. म्हणून नियमात स्पष्ट लिहा की जी फाइल कंपाइल होत नाही तिला शून्य, आणि त्याच ओळीत उपायही लिहा: जे फंक्शन जमलं नाही त्याच्या आत फेलविथ (मुद्दाम एरर देऊन थांबणारं तयार फंक्शन) आणि पुढे अवतरणचिन्हात "जमलं नाही" एवढं लिहून ठेवायचं. फेलविथचा रिझल्ट टाइप कुठल्याही टाइपच्या जागी बसतो त्यामुळे फाइल कंपाइल होते आणि बाकी पाच फंक्शनचे मार्क मिळतात. मी तर पॉलिमॉर्फिक (कुठल्याही प्रकाराला चालणारे) टाइप शिकवताना हेच उदाहरण घेतो, पोरांना हे का चालतं असं विचारतो, कारण तोवर प्रत्येकानं एकदा तरी ते वापरलेलं असतं.

कॉपीचं उद्या लिहितो, क्लास आहे.

---

तिसरं_वर्ष_कामठी

मॅडम, मी स्टुडंट आहे (तुमच्या कॉलेजचा नाही), आमच्याकडे हा पेपर मागच्या सेमला झाला म्हणून लिहून राहिलो. पोरांच्या बाजूनं काही गोष्टी सांगतो.

डेडलाइन रात्री ११:५९ ची ठेवतात ती प्लीज ठेवू नका. ज्याच्याकडे लॅपटॉप आहे, होस्टेलला वायफाय आहे, त्याला ती चालते. माझ्यासारखे कामठी, काटोल, उमरेडहून अप-डाऊन करणारे आहेत, काहींकडे लॅपटॉप नाहीच, ते सगळं लॅबमध्येच करतात आणि लॅब पाचला बंद होते. मग त्यांची डेडलाइन खरं तर पाचचीच झाली ना? आमच्या मॅडमनी डेडलाइन संध्याकाळी पाचची केली आणि आठवड्यातून दोन दिवस लॅब सातपर्यंत उघडी ठेवायला लावली, त्यानं एवढा फरक पडला की काय सांगू. आणि शंका पण पाचच्या आधी कोणीतरी समोर असताना विचारता येतात, रात्री साडेअकराला ग्रुपवर टाकली तर उत्तराच्या ऐवजी कोणीतरी पूर्ण कोडच पाठवून देते, त्याचा हेतू वाईट नसतो, त्याला मदतच करायची असते.

तारखा पण पाहून घ्या. पोळा आणि तान्हा पोळा, त्या दिवशी मारबत (पुतळ्यांची मिरवणूक) निघते तर इतवारी-महाल साइडची पोरं येतच नाही, मग गणपती, मग दसरा आणि दीक्षाभूमीचा धम्मचक्र प्रवर्तन दिन, तेव्हा तर पूर्ण शहरच भरलेलं असते, आमच्यातले कितीतरी जण तिथे वॉलंटियर म्हणून जातात. क्लोजरवाली असाइनमेंट सगळ्यात अवघड होती आणि ती नेमकी त्याच आठवड्यात आली होती. ऑड सेमला सुरुवातीचे सात-आठ आठवडे मोकळे मिळतात, जे कठीण आहे ते तिथे टाका.

आणि जर्नल हातानं लिहायला लावू नका मॅडम, हात जोडून विनंती. पॅटर्न मॅचिंगचा कोड पेनानं उतरवून काहीच समजत नाही.

---

लॅब_इन्चार्ज_वर्धारोड

मी लॅब सांभाळतो त्यामुळे फक्त इन्स्टॉलेशनचं सांगतो. लोक हात वर करतात ते आधीच्या अनुभवानं. विंडोजवर ओकॅमल म्हणजे पहिले लई कटकट होती, डब्ल्यूएसएल नाही तर सिगविन (विंडोजवर लिनक्ससारखं वातावरण देणारी सॉफ्टवेअर) करावं लागे. आता ओपॅम (ओकॅमल बसवायचं टूल) २.२ जुलै २०२४ ला आलं तेव्हापासून विंडोजवर सरळ टाकता येते. पण पहिल्यांदा सुरू करताना ते नेटवरून बरंच काही ओढते आणि कंपायलर तिथेच बांधते, त्याला वेळ लागते, आणि कॉलेजच्या प्रॉक्सीमागे अर्ध्यात अडकलं की पोरांना वाटते आपलंच चुकलं. म्हणून वीस मशीनवर वीस वेळा करू नका. एका मशीनवर नीट बसवा, चालवून पाहा, मग त्याची इमेज काढून बाकीच्यांवर टाका. उबंटू असेल तर अजूनच सोपं, ॲप्टनं येऊन जाते.

सगळ्या मशीनवर एकच व्हर्जन पाहिजे, आणि ते व्हर्जन नियमाच्या कागदावर लिहा. एररचा मजकूर व्हर्जननुसार बदलते, वॉर्निंग कधी येते कधी येत नाही, मग "माझ्या घरी चालत होतं" सुरू होते. नियम असा करा की लॅबच्या मशीनवर चाललं तर चाललं.

दुसरं, बऱ्याच लॅबमध्ये रिस्टार्ट केलं की मशीन होती तशी करणारं सॉफ्टवेअर असते. पोरगं दीड तास लिहिते, लाइट जाते, फाइल गायब. पहिल्याच दिवशी सांगून द्या की फाइल पेन ड्राइव्हवर किंवा गिटवर, सी ड्राइव्हवर नाही.

रॅकेटची काळजी नको, डॉ. रॅकेट एका इन्स्टॉलरमध्ये येते. प्रोलॉगसाठी स्विश ब्राउझरमध्येच चालते, मोबाइलवर पण. ज्यांच्याकडे लॅपटॉप नाही त्यांच्यासाठी ओकॅमलचं पण ब्राउझरवालं प्लेग्राउंड आहे, छोट्या प्रोग्रॅमला पुरते.

---

धंतोलीकर_सर

आता कॉपीचं. कामठीच्या मुलानं लिहिलंय ते अगदी खरं आहे, बहुतेक वेळा कोड पाठवणाऱ्याचा हेतू मदतीचाच असतो. म्हणून नुसतं "कॉपी करू नये" लिहून काही होत नाही, ते तर प्रत्येक ठिकाणी लिहिलेलं असतं. मदत कशी करायची ते लिहा. माझा नियम असा: बोला, भांडा, फळ्यावर बॉक्स आणि बाण काढा, एन्व्हायर्नमेंट (कुठल्या नावाची किंमत काय याची यादी) कसा वाढतो ते एकमेकांना समजावा, एररचा अर्थ विचारा. पण चर्चेतून उठताना कागद, फोटो, फाइल काही सोबत न्यायचं नाही. फळा पुसायचा, अर्धा तास दुसरं काहीतरी करायचं, मग एकट्यानं बसून लिहायचं. जे डोक्यात उरलं ते तुमचं. आणि वर एका ओळीत लिहायचं की कोणाशी बोललो, त्याचे मार्क कापले जात नाहीत.

तपासायला कोडमधला सारखेपणा शोधणारं स्टॅनफर्डचं मॉस आहे, १९९४ पासून चालू आहे, शिकवणाऱ्यांना फुकट, एमएल (ओकॅमल ज्या घराण्यातली ती भाषा), लिस्प, स्कीम, प्रोलॉग सगळं घेतं. कोड बाहेर पाठवायचा नसेल तर जेप्लॅग आहे, ते आपल्याच मशीनवर चालतं. पण ही टूल फक्त सारखेपणा दाखवतात, चोरी झाली की नाही हे माणसानंच बघायचं असतं. त्यात तुमच्या पहिल्या असाइनमेंटमध्ये लिस्टची लांबी काढायचं फंक्शन दोन ओळींचं, ते ६४ जणांचं सारखंच येणार, दुसरं येईल तरी कसं? तिथे ती टूल वापरूच नका. इंटरप्रिटरला वापरा, आणि तुम्ही दिलेला सुरुवातीचा कोड बेस फाइल म्हणून वगळायला विसरू नका, नाहीतर सगळा वर्ग लाल दिसतो.

हार्वर्डच्या सीएस५० मध्ये एक कलम आहे ते मला फार आवडतं. चुकीचं काही केलं आणि ७२ तासांच्या आत स्वतः येऊन सांगितलं तर त्या कामाचे मार्क जाऊ शकतात पण सहसा प्रकरण पुढे शिस्तभंगाकडे जात नाही. विशीतलं पोर रात्री घाबरून काहीतरी करतं, सकाळी त्याला वाईट वाटतं, त्याला परत यायला दार हवं की नको?

---

हिंगणारोड_मॅडम

सर, फेलविथची गोष्ट माझ्या लक्षातच आली नव्हती, मनापासून आभार. कामठीच्या भाऊ, पाच वाजताची डेडलाइन पक्की, आणि लॅबच्या वेळेसाठी एचओडींना आजच अर्ज देते. इन्चार्ज दादा, इमेजचं आमच्या लॅबवाल्यांना दाखवलं, ते तयार झाले.

एआयचं मात्र अजून ठरत नाहीये. पूर्ण बंद लिहिलं तर पाळलं जाईल असं वाटत नाही, आणि पूर्ण सुरू ठेवलं तर वर म्हटलं तसं ते दोन तासच जातात. आणि ६४ जणांची तोंडी घ्यायची तर वेळ कुठून आणू?

---

मिहान_डेव्ह

मॅडम, मी मिहानमध्ये (नागपूरचा उद्योग पट्टा) एका कंपनीत काम करतो, पोस्ट ग्रॅज्युएशनला टीए (शिकवण्यात मदतनीस) होतो तेव्हा याच विषयाच्या लॅब घेतल्या म्हणून सांगतो. आम्ही कामावर एआय रोज वापरतो, कोणीच नाही म्हणत नाही. पण ते जे लिहून देते ते वाचून हे बरोबर का चूक हे सांगता येणारा माणूसच कामाचा असतो, आणि ती नजर याच कोर्समधून येते, म्हणून मला वाटते पहिल्या भागात पूर्ण बंदच ठेवा. लिस्ट, रिकर्शन (फंक्शननं स्वतःलाच बोलावणं), फोल्ड (लिस्टमधलं एकेक घेऊन एक उत्तर तयार करणं), क्लोजर हे सगळं हातानं. मुलांना कारण सांगा, नुसती बंदी नका सांगू, समजतात ते. शेवटच्या प्रोजेक्टला सुरू करा, पण कुठे वापरलं, काय विचारलं आणि त्यातलं काय बदललं हे अर्ध्या पानात लिहून द्यायचं.

एआय डिटेक्टरवर अजिबात विसंबू नका. ओपनएआयनं स्वतःचं डिटेक्टर जुलै २०२३ मध्ये बंद केलं, अचूक येत नाही म्हणून. त्याच्या आकड्यावर एखाद्या मुलाला दोषी धरणं हा अन्याय आहे.

तोंडीला वेळ आहे तुमच्याकडे, मोजून पाहा. १६ ची बॅच, चार मिनिटं एकाला, ६४ मिनिटं होतात, प्रॅक्टिकल दोन तासांचं. बाकीचे तोवर पुढचं काम करतात. प्रत्येक असाइनमेंटला घ्यायची पण गरज नाही, तीन मोठ्यांना घ्या. आणि थिअरी विचारू नका, क्लोजर म्हणजे काय हे पाठ करून येतात. त्याचीच फाइल उघडा आणि एक जागा बदला. समजा त्यानं फोल्ड लेफ्ट (डावीकडून चालणारं) घेऊन प्रत्येक एलिमेंट ॲक्युम्युलेटरच्या (साठत जाणाऱ्या उत्तराच्या) पुढे जोडलाय, लिस्ट उलटी करायला. विचारा की इथे फोल्ड राइट (उजवीकडून) केलं तर काय येईल? ज्यानं स्वतः लिहिलंय तो थोडा थांबतो, बोटानं हवेत एक दोन तीन करतो आणि सांगतो की लिस्ट आहे तशीच येईल. ज्यानं उतरवलंय तो स्क्रीनकडे बघत राहतो. मग आर्ग्युमेंटचा क्रम पण बदलावा लागेल का असं विचारा, हो लागतो, तिथे अजून कळते. किंवा पूर्णांकाच्या बेरजेतल्या एका आकड्याला दशांश टिंब लावा आणि रन करण्याआधी विचारा एरर कुठे येईल आणि का. ओकॅमलला दशांशाच्या बेरजेला प्लसच्या पुढे टिंब लागते, हे स्वतः लिहिणाऱ्याच्या हातातच बसलेलं असते.

मार्क असे करा की कोडचे अर्धे, तोंडीचे अर्धे. मग कॉपी करून फायदाच राहत नाही, पोलिसगिरी करावी लागत नाही.

---

धंतोलीकर_सर

मिहानवाल्यांशी शंभर टक्के सहमत. फक्त एक जोडतो, बुजऱ्या मुलांसाठी तोंडी मराठीत, हिंदीत, कशीही देता येईल हे कागदावर लिहाच. मी पाहिलंय, इंग्रजीत अडखळणारा मुलगा मराठीत विचारल्यावर सगळा स्टॅक काढून दाखवतो.

एंड सेमच्या पेपरबद्दल कोणी बोललं नाही म्हणून. पेपर कागदावर आहे तर "स्टॅटिक स्कोप आणि डायनॅमिक स्कोपमधला फरक लिहा" असे प्रश्न काढू नका, त्याची उत्तरं गाइडमध्ये मिळतात. चार ओळी द्या: एक्स म्हणजे १, एफ हे फंक्शन वाय घेतं आणि एक्स अधिक वाय देतं, मग पुन्हा एक्स म्हणजे २, आता एफला ३ दिलं तर काय येईल? स्टॅटिक असेल (फंक्शन लिहिलं तेव्हाचा एक्स) तर ४, डायनॅमिक असेल (बोलावलं तेव्हाचा एक्स) तर ५, कारणासकट लिहा. ज्याचा इंटरप्रिटर चालला त्याला हे चालता चालता येतं, कारण क्लोजरमध्ये एन्व्हायर्नमेंट साठवायचा की नाही हा निर्णय त्यानं स्वतःच्या कोडमध्ये घेतलेला असतो.

आणि मार्कांची स्कीम ४०-६० जी पास झाली ती सेशनच्या मध्ये बदलता येणार नाही, पण इंटर्नलच्या आत कशाला किती हे तुमच्या हातात आहे, तेवढं बीओएसच्या चेअरमनना दाखवून सही घेऊन ठेवा. नॅकच्या (कॉलेजांना ग्रेड देणाऱ्या संस्थेच्या) फाइलला तोंडीचा शेरा लिहिलेली शीट चालते, जर्नलच लागतं असं नाही. आमच्याकडे चालली.

---

हिंगणारोड_मॅडम

ठरलं मग. पाच लेट डे, एका असाइनमेंटला दोन, संध्याकाळी पाच, कंपाइल नाही तर शून्य आणि फेलविथची ओळ, बोला पण काही घेऊन जाऊ नका, ७२ तासांचं कलम, एआय प्रोजेक्टलाच, तीन तोंडी, भाषा कुठलीही. रिचेकिंग हवं असेल तर मार्क लागल्यापासून एका आठवड्यात, लेखी, कुठे चुकलं ते सांगून. सगळं एका पानात बसलं, मराठी आणि इंग्रजी दोन्हीत छापतेय.

एकच राहिलं. मागच्या वर्षीचे बॅक असलेले काही जण आहेत, त्यांचा सिलॅबस जुना, पेपर जुना, पण ते याच लॅबमध्ये बसणार. त्यांना हे नियम लावू का?

---

धंतोलीकर_सर

त्यांना त्यांच्याच स्कीमनं मार्क द्या, नवे नियम लावले तर ती मुलं तक्रार करतील आणि त्यांची बाजू बरोबरही असेल. पण तोंडीला बसायचं असेल तर बसू द्या, मार्क न देता. आमच्याकडे अशी बसलेली मुलं नंतर इंटरप्रिटरही लिहायला मागत होती. त्यांच्यासाठी लॅबमध्ये दोन मशीन मोकळ्या ठेवा म्हणजे झालं.